सोपा अर्थ आणि नेमके उदाहरण: इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी रचलेल्या कोशांचा आढावा

इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतूनच सांगायचा, आणि तोही ज्याला इंग्रजी अजून पुरते आलेले नाही अशा वाचकाला, या कामात एक मूलभूत अडचण आहे. जी भाषा शिकायची तीच समजावणीचे साधन म्हणून वापरावी लागते, आणि साधनच अनोळखी असले की समजावणी जागच्या जागी अडते. मातृभाषकांसाठी रचलेल्या कोशांना ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण त्यांच्या वाचकाला रोजचे शब्द आधीच येत असत आणि कोश उघडला जाई तो अवघड शब्दांसाठी. रॉबर्ट कॉड्रीने १६०४ मध्ये प्रसिद्ध केलेला, इंग्रजीतला पहिला एकभाषी कोश मानला जाणारा ग्रंथ अशा सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचाच होता. पुढे रोजच्या शब्दांनाही कोशात जागा मिळाली, तेव्हा त्यांची व्याख्या कशी करावी हा पेच उभा राहिला, आणि सॅम्युअल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या कोशात 'नेटवर्क' या साध्या शब्दाची केलेली व्याख्या मूळ शब्दाहून कितीतरी अवघड लॅटिनजन्य शब्दांनी भरलेली असल्यामुळे आजही कोशविद्येच्या वर्गात हसत हसत सांगितली जाते.

जॉन्सनची ती व्याख्या चुकीची मात्र नव्हती. भारतीय न्यायशास्त्राने लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष मानले आहेत: ज्याची व्याख्या करायची त्यातला काही भाग सुटून गेला तर अव्याप्ती, त्याबाहेरच्या गोष्टीही व्याख्येत शिरल्या तर अतिव्याप्ती, आणि व्याख्या त्या वस्तूला मुळीच लागू पडली नाही तर असंभव. जॉन्सनची व्याख्या या तिन्ही कसोट्यांवर बहुतेक टिकते, पण नवशिक्यासाठी ती निरुपयोगी ठरते, कारण तिच्यात चौथा दोष आहे आणि तो दुर्बोधतेचा आहे. व्याख्येचे काम केवळ वस्तू वेगळी काढून दाखवण्याचे असेल तर हा दोष गौण ठरतो. ते समजावण्याचे असेल तर तोच मुख्य ठरतो. विसाव्या शतकात परभाषकांसाठी रचल्या गेलेल्या इंग्रजी कोशांचा इतिहास हा या चौथ्या दोषाच्या निवारणाचा इतिहास आहे, आणि ते निवारण करताना पहिले दोन दोष काही प्रमाणात पत्करावे लागले, ही गोष्ट कोशांच्या प्रस्तावनांत क्वचितच उघडपणे मांडलेली आढळते.

या इतिहासाचा पहिला महत्त्वाचा टप्पा बंगालमध्ये घडला. मायकेल वेस्ट हा इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधील अधिकारी ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता, आणि बंगाली मुलांच्या इंग्रजी शिक्षणाबद्दलची त्याची निरीक्षणे १९२६ मध्ये द्वैभाषिकतेवरील ग्रंथाच्या रूपाने कलकत्त्याहून सरकारी शिक्षण-विभागातर्फे प्रसिद्ध झाली. त्याचा मुख्य आक्षेप व्यवहारी होता. शाळेत दाखल झालेल्या मुलांपैकी पुष्कळशी मुले मधेच शाळा सोडत, आणि तोवर त्यांच्या पदरात पडलेल्या इंग्रजीचा त्यांना पुढे काहीच उपयोग होत नसे, कारण बोलणे, लिहिणे, व्याकरण आणि वाचन या सगळ्यांची थोडी थोडी सुरुवात झालेली असे, पण एकही अंग कामापुरते तयार झालेले नसे. विमा मुदतीपूर्वी मोडला तर काही रक्कम हाती येते, तसे शिक्षण कोणत्याही टप्प्यावर सुटले तरी काहीतरी हाती राहावे, या विचाराने वेस्टने वाचनाला अग्रक्रम दिला आणि मर्यादित शब्दसंख्येत रचलेली वाचनपुस्तके तयार केली, ज्यांत नवे शब्द विरळ अंतराने येत आणि आलेला शब्द पुढे पुन:पुन्हा भेटत राही.

वाचनाला अग्रक्रम दिला की विद्यार्थी पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचणार, बाहेरचे वाचणार म्हणजे अनोळखी शब्द भेटणार, आणि ते शिक्षकाशिवाय उलगडायचे तर हाताशी कोश हवा, अशा क्रमाने वेस्ट कोशाच्या प्रश्नाकडे वळला. जेम्स एंडिकॉट याच्यासह त्याने सिद्ध केलेली 'न्यू मेथड इंग्लिश डिक्शनरी' १९३५ मध्ये निघाली. तिच्यात शब्द आणि वाक्प्रचार मिळून सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ केवळ १,४९० शब्दांच्या आधारे सांगितले होते. व्याख्येसाठी ठरवून घेतलेल्या अशा मोजक्या शब्दांच्या यादीला 'मर्यादित व्याख्या-शब्दसंग्रह' म्हणता येईल. कोशात लाखभर शब्दांची ओळख करून दिलेली असली, तरी ओळख करून देणारे शब्द मात्र या यादीतलेच असावेत, असा तिचा नियम असतो. वाचकाने एकदा ती यादी आत्मसात केली की उरलेला सगळा कोश त्याला खुला व्हावा, ही त्यामागची अपेक्षा.

ही अपेक्षा अवास्तव नव्हती, असे पुढच्या संशोधनावरून दिसते. पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचनाकलनाचा अभ्यास करून असा निष्कर्ष मांडला की, एखादा उतारा कोणाच्याही मदतीशिवाय नीट समजायचा तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी असलेला चालतो. हाच हिशेब व्याख्येला लावला तर दहा-बारा शब्दांच्या व्याख्येत एकही अनोळखी शब्द परवडत नाही. तेथे संदर्भाने अर्थ ताडण्याइतका मजकूरच नसतो, आणि एक शब्द पाहायला गेलेला विद्यार्थी दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या नोंदीकडे जात शेवटी पहिल्याशीच परत येतो. शास्त्रकारांनी यालाच चक्रक म्हटले आहे.

वेस्टच्या कामाच्याच सुमारास सी. के. ऑग्डेन याने ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' १९३० मध्ये जगापुढे मांडली होती आणि पुढे १९४० मध्ये तिच्यावर आधारलेला कोशही काढला. ऑग्डेनचा हेतू मात्र वेगळा होता; त्याला छोटी, स्वयंपूर्ण अशी जागतिक व्यवहारभाषा हवी होती, आणि क्रियापदे जवळजवळ वगळून 'गेट', 'पुट', 'टेक' अशा थोड्या क्रियापदांवर सगळा भार टाकल्याने ती लिहिणे मातृभाषकालाही कसरतीचे होई. शिक्षणाच्या दृष्टीने अधिक टिकाऊ ठरले ते शब्दनिवडीचे काम, ज्यासाठी १९३४ मध्ये न्यूयॉर्कला कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने परिषद भरली आणि ज्याची परिणती १९५३ मध्ये वेस्टने संपादित केलेल्या सुमारे २,००० शब्दांच्या सर्वोपयोगी यादीत झाली. त्या यादीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात शब्दांबरोबर त्यांच्या निरनिराळ्या अर्थांची वारंवारताही नोंदवलेली होती.

दुसरा टप्पा जपानचा. हॅरॉल्ड पामर १९२२ मध्ये तेथे गेला, पुढच्याच वर्षी टोकियोत इंग्रजी-अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली, आणि १९२४ मध्ये जपानला आलेला ए. एस. हॉर्नबी यथावकाश तिच्या कामात सामील झाला. वेस्टचा विद्यार्थी वाचणारा होता. पामर आणि हॉर्नबी यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजीत लिहू आणि बोलू पाहणारा विद्यार्थी होता. वाचणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळला की त्याचे काम भागते, पण लिहिणाऱ्याचे काम तेथून सुरू होते, कारण त्याला तो शब्द वाक्यात बसवायचा असतो. हॉर्नबीने गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह रचलेला कोश १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने छापला, आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. आज 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स' या नावाने ओळखला जाणारा आणि २०२० मध्ये दहाव्या आवृत्तीपर्यंत पोहोचलेला कोश तो हाच.

हॉर्नबीच्या कोशाचा कणा म्हणजे क्रियापदांचे २५ रचनाबंध. एखाद्या क्रियापदामागे नुसते कर्म येते, की कर्म आणि 'टु'सह दुसरे क्रियापद येते, की 'दॅट'ने सुरू होणारे उपवाक्य येते, हे प्रत्येक नोंदीत संकेतांकाने सांगितलेले असे आणि त्याला उदाहरणवाक्याची जोड असे. या माहितीची निकड मराठी भाषकाला वेगळी पटवून द्यावी लागत नाही. 'मला समजावून सांगा' या रचनेवरून 'एक्स्प्लेन मी', 'च्याविषयी चर्चा करणे' यावरून 'डिस्कस अबाउट', 'च्याशी लग्न होणे' यावरून 'मॅरिड विथ' आणि 'परीक्षा देणे' यावरून 'गिव्ह अ‍ॅन एग्झाम' अशी वाक्ये मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनात सर्रास सापडतात. या सर्व विद्यार्थ्यांना 'एक्स्प्लेन', 'डिस्कस' किंवा 'मॅरी' या शब्दांचे अर्थ उत्तम ठाऊक असतात, म्हणून कितीही सोपी व्याख्या त्यांच्या या चुका टाळू शकत नाही. शब्दाच्या आसपास काय येते हे दाखवणारे वाक्यच ते करू शकते. संकेतांकांचे मात्र फारसे चीज झाले नाही, कारण त्यांचा उलगडा प्रस्तावनेत असे आणि कोशाची प्रस्तावना विद्यार्थी वाचत नाही. पुढच्या आवृत्त्यांत संकेत उत्तरोत्तर सोपे होत गेले आणि त्यांचे काम उदाहरणवाक्यांनी अधिकाधिक उचलले.

वेस्टची आणि हॉर्नबीची वाट एकत्र आली ती १९७८ मध्ये, पॉल प्रॉक्टर यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश' या कोशात. रचनेची तपशीलवार माहिती त्यात होतीच, शिवाय सर्व व्याख्या सुमारे २,००० शब्दांत लिहिण्याचे बंधन पाळलेले होते. पुढे हे बंधन या क्षेत्रातल्या बहुतेक प्रकाशकांनी कमी-अधिक फरकाने स्वीकारले. ऑक्सफर्डने २००५ च्या सातव्या आवृत्तीत ३,००० महत्त्वाच्या शब्दांची यादी पुढे केली, आणि मॅकमिलनने २००२ च्या कोशात ७,५०० नेहमीचे शब्द लाल अक्षरांत छापून, त्यांच्यापुढे वारंवारतेनुसार तारका देऊन, कोणता शब्द आधी शिकावा याचे मार्गदर्शन केले.

बंधनाची किंमत कशी मोजावी लागते, ते एखाद्या नोंदीशी थोडे थांबल्याशिवाय लक्षात येत नाही. गोवराची व्याख्या मोजक्या शब्दांत करायची ठरवली तर 'ताप येतो, अंगावर बारीक लाल पुरळ उठते आणि एकाकडून दुसऱ्याला लागतो असा, मुलांना होणारा आजार' अशी काहीतरी होईल. प्रत्येक शब्द सोपा आहे, वाक्य सरळ आहे, आणि तरीही या व्याख्येत कांजिण्याही बसतात. 'सार्डिन'चा अर्थ 'खाण्याजोगा लहान समुद्री मासा' असा दिला, तर मालवणच्या वाचकाला तारली, मांदेली आणि पेडवे यांतले नेमके काय समजावे हा प्रश्न पडेल, आणि विदर्भातल्या वाचकाला तो पडणारही नाही. ही शुद्ध अतिव्याप्ती आहे, आणि ती कोशकाराच्या हलगर्जीपणामुळे आलेली नसून पद्धतीतूनच आलेली आहे. वनस्पती, प्राणी, आजार, हत्यारे, कापडाचे प्रकार अशा वस्तुवाचक नामांच्या बाबतीत ती जवळजवळ अटळ असते, म्हणूनच तेथे चित्र द्यावे किंवा मातृभाषेतला शब्द द्यावा हा उपाय शहाणपणाचा ठरतो.

दुसरी किंमत अधिक छुपी आहे. यादीतले शब्द सोपे असतात ते त्यांच्या मुख्य अर्थापुरते, पण इंग्रजीत जो शब्द जितका साधा तितके त्याचे अर्थ अधिक. 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तिन्ही शब्द कोणत्याही यादीत पहिल्या काही शेकड्यांतच येतील, परंतु ते एकत्र आले की 'सहन करणे' हा अर्थ निघतो आणि तो या तिघांपैकी एकातूनही ताडता येत नाही. लाँगमनच्या पहिल्या आवृत्तीवर असा आक्षेप घेण्यात आला की, यादीतल्या शब्दांपासून बनलेली अशी जोडक्रियापदे व्याख्यांत वापरली गेल्यामुळे शब्दसंख्या कागदावरच मर्यादित राहिली. आक्षेप रास्त होता आणि पुढच्या आवृत्तीत त्याची दखलही घेतली गेली. शब्दांची संख्या मोजणे हा सोपेपणाचा सोयीचा निकष असला तरी तो पुरेसा नाही; कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, वाक्य किती गुंतागुंतीचे आहे आणि वाचकाच्या अनुभवात ती गोष्ट आहे की नाही, यांवरही सोपेपणा ठरतो.

व्याख्येच्या भाषेचाच नव्हे तर तिच्या घडणीचाही प्रश्न जॉन सिंक्लेअर यांनी उपस्थित केला. कॉलिन्स प्रकाशन आणि बर्मिंगहॅम विद्यापीठ यांच्या संयुक्त प्रकल्पातून १९८७ मध्ये निघालेला 'कोबिल्ड' कोश दोन बाबतींत वेगळा होता. एक तर तो कॉर्पसवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातून गोळा करून संगणकात साठवलेल्या भाषिक नमुन्यांच्या संग्रहावर, पूर्णपणे आधारलेला होता. सुमारे ७३ लाख शब्दांचा मुख्य संग्रह आणि पुढे दोन कोटींपर्यंत वाढवलेली सामग्री त्यासाठी वापरली गेली. दुसरे, त्यातील व्याख्या तुटक पदबंधांत नव्हत्या, तर पूर्ण वाक्यात होत्या, आणि ज्याचा अर्थ सांगायचा तो शब्द त्या वाक्यातच नांदत असे. शिक्षक वर्गात जसे सांगतो की 'तुम्ही एखादी गोष्ट अमुक प्रकारे केलीत तर तिला हे म्हणतात', तशा पद्धतीची ही रचना होती. तिचा लाभ असा की क्रियेचा कर्ता माणूस असतो की वस्तू, कर्म कोणत्या प्रकारचे असते, हे व्याख्याच सुचवते.

सिंक्लेअर यांनी दाखवलेले 'सेट इन' या क्रियापदाचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ 'सुरू होऊन जम बसवणे' एवढाच सांगितला तर तो बरोबर असतो, परंतु प्रत्यक्ष वापराच्या ओळी एकाखाली एक मांडून पाहिल्यावर असे दिसले की सडणे, निराशा, खराब हवामान अशा नकोशा गोष्टीच बहुधा या क्रियापदाच्या कर्त्या असतात. शब्दाला सोबतीने चिकटलेल्या या बऱ्या-वाईट छटेला पुढे अर्थगंध म्हणावे अशा कल्पनेचे रूप मिळाले. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत दरवर्षी जूनमध्ये केरळात मान्सून 'सेट इन' होतो आणि त्या बातमीने सगळा देश सुखावतो, हा या नियमाला एतद्देशीय अपवाद म्हणावा लागेल. परंतु अशी छटा व्याख्येतून क्वचितच कळते आणि उदाहरणांच्या रांगेतून तत्काळ कळते, हा सिंक्लेअर यांचा मुद्दा त्याने ढळत नाही.

पूर्ण वाक्यातील व्याख्या मात्र सर्वत्र रूढ झाली नाही. ती लांबते, प्रत्येक ठिकाणी 'तुम्ही' आणल्याने कधी कधी विचित्र वाटते, आणि एखादा शब्द केवळ विशिष्ट कर्त्यालाच लागतो असा नसलेला नियम ती सुचवू शकते. मायकेल रंडेल यांनी २००६ मध्ये या कारणांची चर्चा करून, अशी व्याख्या जेथे लाभते तेथे वापरावी आणि एरवी जुनीच घडण ठेवावी, अशा आशयाची बाजू मांडली, आणि आजचे बहुतेक कोश तसेच करतात. हा तोडगा समंजस आहे.

व्याख्या सोपी केली की वाचकाच्या हातून चुका कमी होतील, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का मुलांवर झालेल्या एका अभ्यासाने दिला. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी शाळकरी मुलांना कोशातील अर्थ वाचून त्या शब्दांची वाक्ये करायला सांगितली. 'इरोड' या शब्दाच्या अर्थात 'ईट आउट' हे शब्द पाहिलेल्या मुलाने आपले कुटुंब पुष्कळदा 'इरोड' करते, म्हणजे बाहेर जेवायला जाते, अशा धाटणीचे वाक्य लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा की मूल व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलते, त्याभोवती मनात एक वाक्य रचते आणि मग त्या तुकड्याच्या जागी नवा शब्द बसवते. हिलरी नेसी आणि पॉल मीरा यांना १९९४ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढ परभाषकांतही हीच प्रवृत्ती आढळली. यातून निघणारी गोष्ट अडचणीची आहे: व्याख्या जितकी सोपी, तितके तिच्यातले ओळखीचे तुकडे अधिक, आणि तितका त्यांपैकी एखादा उचलण्याचा मोहही अधिक. मोजक्या शब्दांच्या पद्धतीने दुर्बोधता घालवली, पण या घसरणीला वाट करून दिली, आणि ती अडवण्याचे काम उदाहरणवाक्याकडे आले.

ते वाक्य कसे असावे हा म्हणूनच या प्रश्नाचा गाभा आहे. 'रिलक्टंट' या विशेषणाचा अर्थ 'तयार नसलेला' असा सोपेपणाने सांगता येतो. त्याखाली 'ही वॉज रिलक्टंट' एवढेच वाक्य दिले, तर ते व्याकरणाने निर्दोष असूनही काहीच शिकवत नाही, कारण त्या जागी 'हॅपी', 'टॉल' किंवा 'हंग्री' यांपैकी कोणताही शब्द चालला असता. याउलट 'शी वॉज रिलक्टंट टु लेंड मी हर बायसिकल, बट शी डिड' या वाक्यात 'टु'सह क्रियापद येते ही रचना दिसते, परिस्थिती वाचकाच्या अनुभवातली असते, आणि शेवटच्या तीन शब्दांनी व्याख्येला न सांगता आलेली गोष्ट सांगितली जाते, ती ही की असा मनुष्य नकार देतोच असे नाही. पुष्कळदा तो मनाविरुद्ध का होईना, काम करतो. व्याख्येतून सुटलेला अर्थाचा भाग असा एखाद्या शेपटाकडच्या उपवाक्यात सापडतो, आणि तो तेथे ठेवण्याचे कौशल्य कोशकार वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावतो.

कोबिल्डचा आग्रह याच्या उलट होता: वाक्य रचलेले नसावे, कोणीतरी खरोखर लिहिलेले किंवा बोललेले असावे. मातृभाषकालाही आपण भाषा नेमकी कशी वापरतो याची पुरती जाणीव नसते, आणि मनाने रचलेली वाक्ये बेतीव होतात, हा त्यामागचा युक्तिवाद भक्कम आहे. परंतु खरे वाक्य आपल्या मूळ उताऱ्यातून उपटून आणले की त्यातली सर्वनामे कोणाला उद्देशून आहेत ते कळत नाही, अनोळखी व्यक्तींची आणि ठिकाणांची नावे मधे येतात, आणि त्यात एखादा शब्द मूळ शब्दाहून अवघड असतो. बाट्या लाउफर यांनी १९९२ मध्ये दोन्ही प्रकारची वाक्ये विद्यार्थ्यांना देऊन तुलना केली, तेव्हा नवा शब्द समजण्यासाठी कोशकारांनी रचलेली वाक्ये अधिक उपयोगी पडल्याचे आढळले. वापराचे सत्य संग्रहातून घ्यावे आणि वाक्य मात्र विद्यार्थ्याकडे पाहून घडवावे किंवा छाटावे, हीच मध्यम वाट अधिक ग्राह्य वाटते. ॲडम किल्गॅरिफ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेली 'जीडेक्स' ही प्रणाली याच वाटेवरची आहे. ती लाखो वाक्यांतून मध्यम लांबीची, नेहमीच्या शब्दांची, संदर्भावाचून कळणारी वाक्ये गुणानुक्रमे पुढे काढते आणि अंतिम निवड संपादकावर सोपवते.

महाराष्ट्रात या सगळ्या चर्चेचे पडसाद उशिरा आणि अर्धवट उमटले. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये सिद्ध झाला आणि त्याने द्वैभाषिक कोशांची परंपरा घालून दिली, ज्यात इंग्रजी शब्दापुढे मराठी पर्यायांची रांग असे. वीरकरांच्या शालेय कोशाने हीच पद्धत घराघरांत नेली. उदाहरणवाक्यांची बाजू दुसऱ्याच परंपरेने, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने, सांभाळली, जिच्यात वाक्यांची दोन्ही दिशांनी भाषांतरे करत करत रचना अंगवळणी पडत. अर्थ एका पुस्तकात आणि वापर दुसऱ्या पुस्तकात, अशी ही वाटणी होती. पुढे भाषांतरपद्धत मागे पडली आणि पाठमालाही कपाटात गेली, परंतु शब्दार्थांची वही मात्र टिकली: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, परीक्षेच्या आदल्या रात्री उजवी बाजू हाताने झाकून केलेले पाठांतर. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तरी या वहीच्या दोन रकान्यांत तिसऱ्याची, म्हणजे वाक्याची, भर सर्वत्र पडली असे म्हणता येत नाही.

याचा अर्थ मराठी अर्थ देणे चूक आहे असा नव्हे. एकभाषी कोशाच्या कडव्या पुरस्कर्त्यांनी मातृभाषेला दाराबाहेर ठेवले, तो हट्ट संशोधनात टिकला नाही. लाउफर आणि लिनोर हदार यांच्या १९९७ च्या अभ्यासात एकभाषी, द्वैभाषिक आणि दोन्ही एकत्र अशा तीन प्रकारच्या नोंदींची तुलना झाली, आणि इंग्रजी व्याख्या, इंग्रजी उदाहरण आणि शेजारी मातृभाषेतला अर्थ अशी एकत्रित नोंद एकंदरीत सरस ठरली. इस्राएलमध्ये लायनेल कर्नरमन यांनी १९८६ पासून अशा अर्धद्वैभाषिक कोशांचा पायंडा पाडला होता. मराठीत ऑक्सफर्डचा इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश त्याच कुळातला आहे. गोवर आणि कांजिण्या यांतला फरक मराठी शब्दाने एका क्षणात मिटतो, आणि मग इंग्रजी वाक्याला जे काम खरोखर करायचे असते त्यासाठी जागा मोकळी होते.

जागेचा प्रश्न एरवी आता उरलेला नाही. मॅकमिलनने २०१२ मध्ये छापील कोश थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि २०२३ मध्ये त्याची संकेतस्थळावरील आवृत्तीही बंद झाली. छपाईच्या काळात एका नोंदीला एखाद-दुसरे उदाहरण परवडे, तेथे पडद्यावर वीस देता येतात. वीस दिल्याने मात्र विद्यार्थी वीस वाचतो असे नाही, म्हणून निवडीचे महत्त्व कमी न होता वाढलेच आहे. निवडीचा सर्वांत विश्वसनीय आधार म्हणजे विद्यार्थी प्रत्यक्षात कोठे चुकतात याची नोंद. बेल्जियममधील लूव्हाँ येथे सिल्व्हियान ग्रांजे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या, इंग्रजी शिकणाऱ्यांच्या निबंधांच्या संग्रहाने हे काम सुरू केले, आणि त्याच गटाच्या मदतीने मॅकमिलनच्या २००७ च्या आवृत्तीत नेहमीच्या चुकांविषयीचा विभाग घातला गेला. परंतु २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या संग्रहात ज्या अकरा मातृभाषांचे विद्यार्थी होते त्या साऱ्या युरोपातल्या होत्या, त्यामुळे त्यातून निघालेल्या सूचना फ्रेंच किंवा पोलिश विद्यार्थ्याला जितक्या नेमक्या लागतात तितक्या सोलापूरच्या किंवा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला लागत नाहीत.

या मालिकेतील सर्वांत अलीकडचा प्रयोग यंत्राचा आहे. पोझनान येथील कोशविद्येचे अभ्यासक रॉबर्ट ल्यू यांनी २०२३ मध्ये चॅटजीपीटीकडून कोबिल्डच्या धर्तीवर बोलण्या-सांगण्याच्या अर्थाच्या पंधरा क्रियापदांच्या नोंदी लिहवून घेतल्या आणि त्या जाणकार कोशकारांकडून तपासून घेतल्या. व्याख्या माणसांनी लिहिलेल्या व्याख्यांच्या तोडीच्या ठरल्या. उदाहरणवाक्ये मात्र उणी पडली. शंभर वर्षांत ज्या कामासाठी याद्या, नियम आणि परिषदा झाल्या ते यंत्राला लवकर साधले, आणि ज्यासाठी असे नियम फारसे करता आले नाहीत ते मागे राहिले. मराठी भाषकासाठी वाक्ये हवीत असे सांगितल्यास यंत्र त्यांत पुणे, पुरणपोळी आणि पंढरपूर आणून देते, पण 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही हे दाखवणारे वाक्य त्याच नोंदीत हवे आहे, हे त्याला मराठी मुलांच्या वह्या तपासलेल्या कोणीतरी सांगावे लागते.